शिवराई घ्यायची कुठून? ऑनलाइन लिलावाच्या तीन वाटा आणि संशयास्पद विक्रेते

शिवराईचे एक चांगले नाणे आपल्या संग्रहात असावे असे वाटणाऱ्या माणसापुढे आज तीन बाजार उघडे आहेत: फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या गटांत रात्री चालणारे लिलाव, ईबेसारखी परदेशी बाजारपेठ, आणि नाण्यांचे लिलाव हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा लिलावगृहांच्या ऑनलाइन बोली. नकली माल तिन्हीकडे येतो. लिलावगृहाच्या कॅटलॉगमध्येही कधी कधी चूक होते. म्हणून विक्रेता किती खात्रीचा, हा प्रश्न मी आता पहिला विचारत नाही. नाणे खोटे निघाले तर दिलेले पैसे कोणत्या वाटेने परत येतील, हे आधी पाहतो, आणि त्याचे उत्तर या तीन ठिकाणी फार वेगवेगळे मिळते.

उदाहरण शिवराईचे घेतले आहे ते मुद्दाम. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला त्या काळापासूनचे हे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’. पेशवाईतही ते पाडले जात राहिले, त्यामुळे उत्तरकाळातली, दुदांडी या प्रकारची शिवराई आजही मुबलक आहे आणि काहीशे रुपयांत मिळते. शिवकालीन शिवराई बरीच महाग असते, आणि सोन्याचा शिवराई होन तर इतका दुर्मिळ आहे की अनोळखी माणसाने पाठवलेल्या फोटोत तो दिसला तर तो खोटा आहे असे धरूनच पुढचे बोलावे. ही नाणी हाताने, घणाच्या घावाने पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे अक्षरे बहुधा कडेला कापली जातात, आणि प्रत्येक घाव वेगळा पडत असल्यामुळे दोन अस्सल नाणी तंतोतंत सारखी नसतात. सगळी अक्षरे मधोमध, पूर्ण आणि ठसठशीत असूनही किंमत कमी असेल, तर तेथे हात आवरता घ्यावा.

गटांतील लिलाव सर्वांत सोपे आणि स्वस्त. बोली तीनशेपासून, वाढ पन्नासची, रात्री दहाला क्लोज, चोवीस तासांत यूपीआयने पैसे आणि मग पार्सल, असा सगळा मामला. कमिशन नाही, कागद नाहीत, आणि खरे सांगायचे तर मला भेटलेले सर्वांत जाणकार आणि प्रामाणिक संग्राहक याच गटांत भेटले. पण यूपीआयने एकदा गेलेले पैसे समोरच्याच्या मर्जीशिवाय परत येत नाहीत, आणि गटाचा ॲडमिन फार तर त्या माणसाला गटातून काढू शकतो. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने दुसऱ्या गटात हजर असतो.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका गटात मी शिवकालीन म्हणून मांडलेल्या शिवराईवर बोली लावली. कडेचा फोटो मागितला तेव्हा उत्तर आले, “दादा, आजोबांच्या पेटीतली वस्तू आहे. विश्वास नसेल तर राहू द्या.” येथेच थांबायला हवे होते; उलट एवढे चांगले नाणे हातचे जाईल या भीतीने मी बोली वाढवली. पार्सल आले. भिंग लावल्यावर कडेभोवती कानशीने घासलेली एक बारीक रेघ दिसली, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड पुसण्याचा प्रयत्न. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन केले: १०.८० ग्रॅम. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून, आकडा शून्यावर आणून, नाणे दोऱ्याने तळाला न टेकता पाण्यात धरले तेव्हा काट्याने १.२९ दाखवले, म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. १०.८० ला १.२९ ने भागले की नाण्याची घनता ८.३७ येते. तांब्याची घनता ८.९ च्या आसपास असते. हा आकडा पितळेचा किंवा पोकळ्या राहिलेल्या ओतीव तांब्याचा. हिरवा गंज ॲसिटोनच्या बोळ्याला लागून उतरला, कारण तो रंग होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या गटात तेच नाणे पुन्हा दिसले, ‘राजा’मधल्या ‘जा’च्या कान्याजवळ तोच टोचा, त्याच जागी. माझे तर माझ्या कपाटात होते.

गटांतील संशयास्पद विक्रेता ओळखण्याची खूण फोटोत सापडत नाही, ती त्याच्या उत्तरांत सापडते. मी आता बोलीआधी एकच गोष्ट मागतो: नाणे काट्यावर ठेवलेले, शेजारी आजची तारीख आणि माझे नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि दुसरा फोटो कडेचा. ज्याच्याकडे नाणे आहे त्याला हे पाच मिनिटांचे काम आहे. जो चिडतो, भावनेवर नेतो किंवा ‘दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे’ म्हणतो, त्याच्याशी वाद न घालता बाजूला व्हावे. पैसे भरताना यूपीआयवर दिसणारे नाव विक्रेत्याच्या नावाशी जुळत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. ‘शेत नांगरताना हंडा सापडला’ ही कथा तर फारच लोकप्रिय आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, म्हणजे एकतर कथा खोटी किंवा माल बेकायदा; आपल्याला दोन्ही नकोत.

ईबेचे गणित अगदी उलटे आहे. ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद झाली, पण आंतरराष्ट्रीय साइटवरून भारतात खरेदी करता येते. तेथील विक्रेता कितीही अनोळखी असला तरी पैशांना परतीची वाट आहे: वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर पोचल्यापासून साधारण ३० दिवसांत दावा करता येतो, आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाचे पैसे परत मागण्याचा, दुसरा दरवाजाही उघडा राहतो. अट एकच, व्यवहार साइटच्या आतच झाला पाहिजे. म्हणून तेथील लबाड विक्रेत्याची पहिली धडपड तुम्हाला बाहेर नेण्याची असते. ‘बाहेर द्या, दहा टक्के कमी करतो’, किंवा लिलाव हरल्यावर तीच वस्तू घेण्याची थेट ई-मेलवर आलेली ‘दुसरी संधी’, हे दोन प्रकार मी वारंवार पाहिले आहेत. खरी दुसरी संधी ईबेच्या स्वतःच्या संदेशपेटीतही दिसते. पेपालने मित्र-नातेवाईक या पर्यायातून पैसे पाठवायला सांगणाऱ्याला नकारच द्यावा, कारण त्या पर्यायाला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही.

बोली फुगवण्याचा, म्हणजे विक्रेत्याच्याच माणसाने खोटी बोली लावण्याचा, धोका तिन्हीकडे आहे, पण तो थोडाफार दिसतो तो ईबेवरच. बोलीदारांची नावे झाकलेली असली तरी एखाद्या बोलीदाराच्या अलीकडच्या बोलींपैकी किती टक्के बोली याच विक्रेत्याकडे आहेत, हे बोलीच्या इतिहासात कळते. हा आकडा शंभराजवळ असेल आणि तो माणूस दर वेळी शेवटी हरत असेल, तर तो कोण आहे हे सांगायला नको. अशा लिलावात आपली कमाल रक्कम आधी ठरवून ती शेवटच्या काही सेकंदांतच टाकावी, म्हणजे आपल्याला चढवायला कोणाला वेळ उरत नाही.

मराठा नाण्यांसाठी मात्र ईबेवर एक मोठा पेच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. लंडनहून मागवलेली शिवराई वर्णनापेक्षा निकृष्ट पण अस्सल निघाली, तर ती परत पाठवताना हाच कायदा आडवा येऊ शकतो. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी तर हे आधीच लक्षात घ्यावे: ‘पाकिटावर सोव्हेनिअर लिहून पाठवतो’ म्हणणारा भारतीय विक्रेता कस्टम्सला फसवायला तयार आहे, तो तुम्हाला का सोडेल? त्यांच्यासाठी परदेशातच असलेली नाणी, आणि तीही परदेशी लिलावगृहातून, हाच सरळ मार्ग.

राहिली लिलावगृहे. मुंबईचे टोडीवाला ऑक्शन्स, बंगळुरूचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही नावे संग्राहकांना परिचित आहेत. येथे विक्रेता पडद्याआड असतो आणि उत्तरदायी असते ते लिलावगृह. नाणे आधी जाणकारांच्या हातून गेलेले असते, आणि लिलावापूर्वी प्रत्यक्ष पाहण्याचे दिवस ठेवलेले असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाने ती संधी सोडू नये. या सोयीची किंमत पडते. समजा बायर्स प्रीमियम, म्हणजे अंतिम बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ती रक्कम, १५ टक्के आहे, तर १०,००० रुपयांना हातोडा पडलेले नाणे ११,५०० ला पडते, वर जीएसटी आणि टपालखर्च वेगळा. घरी बसून बोली लावणारे पुष्कळजण हा हिशेब लिलाव संपल्यावर करतात. अस्सलपणाबद्दलची तक्रार किती दिवसांत आणि कशाच्या आधारे स्वीकारली जाईल ते नियमावलीत वाचावे, आणि अनेक नाण्यांचा एकगठ्ठा लॉट बहुधा परत घेतला जात नाही हेही ध्यानात ठेवावे.

ब्रिटिशकालीन रुपया घेणाऱ्यांसाठी तिसरी वाट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण तेथे नकल ओतण्याचीही गरज नसते. १९३९ चा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मिळ, १९३८ चा सहज मिळणारा. शेवटचा ८ कोरून ९ केला की काम झाले. वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाजही बरोबर. असा रुपया एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत असेल तरच विचार करावा, आणि डबीचा क्रमांक त्या संस्थेच्या साइटवर टाकून तेथील फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहावा, कारण डब्याही नकली निघतात.

फसवणूक झालीच तर पहिला तास मोलाचा असतो. यूपीआयचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, त्याच वेळी बँकेला कळवावे, आणि गटातील संभाषणाचे स्क्रीनशॉट विक्रेत्याने पुसण्याआधी काढून ठेवावेत. विक्रेता व्यापारी असेल आणि खरेदी स्वतःच्या संग्रहासाठी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ, त्यात आधी पाकिटावरचा पत्ता आणि मग काट्यावरचे नाणे, हा पुरावा तिन्ही बाजारांत उपयोगी पडतो.

माझ्यापुरता निवाडा असा: दुदांडी शिवराई किंवा हजाराच्या आतले काहीही गटातून घ्यायला हरकत नाही, आणि त्यात शिकायलाही मिळते, परदेशी आधुनिक नाणी ईबेवरून, साइटच्या बाहेर एक पैसा न पाठवता, शिवकालीन शिवराई लिलावगृहातून, तीही हातात घेऊन पाहिल्यावर. माझी ती खोटी शिवराई मी विकली नाही. तिच्या कागदी पाकिटावर लाल शाईने ‘नकल’ लिहिले आहे, आणि नवा संग्राहक घरी आला की भिंगासोबत आधी तीच त्याच्या हातात देतो.