ड्रॅगन्स डॉग्मा 2 : सात महिने, बैलगाडी आणि तात्या

पहिल्या आठवड्यात हा गेम मी चिडून बंद केला होता. मेल्व्ह या गावाहून व्हर्नवर्थ या राजधानीला पोहोचलो, काम घेतलं, पुन्हा त्याच रस्त्याने मागे, पुन्हा तेच गॉब्लिन. नकाशावर बोट ठेवलं की पोहोचलो, अशी सोय इथे जवळजवळ नाहीच. फेरीस्टोन नावाचा जादूचा दगड असला तर काही ठरावीक जागी जाता येतं, पण दुकानात एका दगडाला गेममधलं 10,000 सोनं मोजावं लागतं आणि सुरुवातीला खिसा रिकामा. उरली बैलगाडी.

गाडीत बसायचं आणि डुलकी काढायची. नशीब असेल तर गाव आल्यावर जाग येते, नसेल तर वाटेतच आरडाओरडा ऐकून. एकदा ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा पंखवाला सिंह, आभाळातून थेट गाडीवरच उतरला. गाडीचा चुराडा झाला आणि मी आणि माझे तीन सोबती भर रानात, कंदिलातलं तेल संपत आलेलं. इथला काळोख खरा काळोख आहे, दोन पावलांवरचं दिसत नाही. उजाडेपर्यंत खडकाला पाठ लावून लढलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी सांगत होतो ते त्या गाडीबद्दल. कथेत काय चाललंय हे मला धड आठवतही नव्हतं.

मार खात गेलं की प्राणांची पट्टी थोडी थोडी आखूड होत जाते. ती मंत्राने भरून येत नाही, त्यासाठी झोपावंच लागतं. म्हणून निघताना हिशोब करावा लागतो: तंबू न्यावा का? तो जड. परतीचं तेल पुरेल का? असला हिशोब मी 2012 च्या पहिल्या भागातही केला होता, पण इतका नेटाने नाही.

खरी गंमत सोबत्यांची, म्हणजे पॉन लोकांची. एक आपण घडवलेला, बाकी दोन इतर खेळाडूंकडून भाड्याने. माझा पॉन म्हणजे तात्या: पिकलेली दाढी, हातात काठी, स्वभाव दयाळू, जखम दिसली की आधी मलमपट्टी. मी झोपलो की तात्या परक्या जगांत भटकून येतो आणि येताना तिथली माहिती आणतो. मग रस्त्यात अचानक म्हणतो, ही जागा मला ठाऊक आहे, मागे या. आणि खरंच नेतो.

याच तात्याने माझा घातही केला. ड्रॅगन्सप्लेग नावाचा रोग पॉनकडून पॉनला लागतो. डोकं धरणं, हुकूम न ऐकणं, डोळ्यांत लाल झाक, ही लक्षणं. मी दुर्लक्ष केलं आणि चेकपॉइंट रेस्ट टाउनच्या खाणावळीत झोपलो. सकाळी उठलो तर गावात चिटपाखरू नाही, रोगाने पिसाळलेल्या तात्याने रात्रीत सगळ्यांना संपवलं होतं. सेव्ह एकच, त्यामुळे मागे फिरायचीही सोय नाही. उपाय सोपा होता म्हणे, पॉनला खोल पाण्यात ढकलायचं. तात्याला कसा ढकलणार? पुढे अपडेटने या रोगाची लागण कमी केली, पण माझं गाव गेलं ते गेलंच.

डोंगरावरच्या देवळातली स्फिंक्स कोडी घालते. त्यांतलं एक असं की पहिलं सीकर्स टोकन (जगभर लपवलेल्या बिल्ल्यांपैकी एक) जिथे सापडलं होतं तिथे परत जा. नकाशात खूण नाही, सगळी मदार आपल्या आठवणीवर. शंभरेक तास खेळल्यावर हे विचारणं म्हणजे निव्वळ छळ. मी एक अख्खा रविवार मेल्व्हच्या आसपासची छपरं धुंडाळण्यात घालवला. सापडलं. इतका आनंद मला शेवटच्या लढाईतही झाला नाही.

कथेबद्दल काय सांगू? अराइझन म्हणजे ड्रॅगनने निवडलेला नायक, खरा तो आपण, पण गादीवर तोतया बसलेला; रात्री स्टारड्रॉप खाणावळीत पहारेकऱ्यांच्या कॅप्टन ब्रँटच्या गुपचूप भेटी, सुरुवात झकास आहे. मग आपण बटाहल या शेजारच्या देशात जातो आणि दरबारातलं ते राजकारण जणू कुणाला आठवतच नाही. शत्रूही तेच ते: लांडगे, सरडे, हार्पी. मोठे राक्षस मात्र अंगावर चढून लढायचे, तिथे चोर या पेशाला तोड नाही.

माझ्या चार वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर व्हर्नवर्थच्या बाजारात चित्र रखडतं. रानात त्रास नाही.

आता दुसऱ्या फेरीत आहे. परवा तात्या कुणाच्या तरी जगातून परतला, आणि भेट म्हणून हातात एक कुजलेलं फळ.