मिनिए गोळी : कामगिरीत अव्वल, परिणामात भीषण

उत्पादनाचे परीक्षण त्याने दिलेल्या आश्वासनावरून करायचे, तर फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांच्या नावाने १८४९ पासून ओळखली जाणारी शिशाची गोळी पूर्ण गुण मिळवते, आणि तिच्याविषयीची सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. त्यापूर्वी नळीत पीळदार खाचा असलेली रायफल अचूक असली, तरी घट्ट बसणारी गोळी ठोकून आत घालण्यात इतका वेळ जाई की बहुतेक पायदळ गुळगुळीत नळीची बंदूकच वापरत असे. मिनिए यांची निमुळती गोळी किंचित लहान असल्याने सहज आत सरकत असे आणि बार उडताच तिचा पोकळ तळ फुगून खाचांत घट्ट बसत असे. अमेरिकेत जेम्स बर्टन यांनी मूळ गोळीच्या तळात बसवलेली लोखंडी वाटी वगळून तिचे उत्पादन सोपे केले. कारखानदाराच्या दृष्टीने खरी हुशारी ती.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात मात्र हे मऊ शिसे हाडावर आदळून चपटे होई, हाडाचा चुरा करी आणि मळक्या कपड्यांच्या चिंध्या जखमेत ओढून नेई. जंतुसंसर्गाचे ज्ञान नसलेल्या शल्यचिकित्सकांपुढे हातपाय कापण्यावाचून अनेकदा पर्याय उरत नसे. (त्या युद्धात रोगराईने मेलेले सैनिक अधिक होते, हेही नोंदवायला हवे.)

आपल्याकडे १८५७ मध्ये गाजलेली एनफिल्ड रायफल याच तत्त्वाची होती, पण तेथे वाद गोळीचा नव्हे, तर दातांनी फोडायच्या काडतुसावरील चरबीचा होता. पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या आणि मिनिए गोळीची गरज संपली.