हवाई अंतर सांगणारी संकेतस्थळे: अंतर खरे, वेळ अपुरी

दोन विमानतळांची नावे भरताच त्यांच्यामधले हवाई अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ दाखवणाऱ्या मोफत सेवा इंटरनेटवर पुष्कळ आहेत. हा अभिप्राय प्रादेशिक विमानतळांपुरता आहे, कारण जवळच्या पल्ल्यावरच या सेवांचा कस लागतो.

अंतराच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे किमान अंतर काढले जाते. पृथ्वी हा अगदी नेमका गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. तरीही ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरून केलेल्या हिशेबात फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, म्हणजे ३०० किलोमीटरला फार तर दीड किलोमीटर. हेच ३०० किलोमीटरचे अंतर १६२ नॉटिकल मैल (विमान आणि जहाज वाहतुकीत वापरले जाणारे १.८५२ किलोमीटरचे एकक) असेही दाखवले जाते, आणि वैमानिकी शिकणाऱ्यांची त्यामुळे चांगली सोय होते.

वेळेचा आकडा मात्र जपून घ्यावा. अशा अनेक सेवा प्रत्येक मार्गावर जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. त्या हिशेबाने ३०० किलोमीटरचे उड्डाण साधारण ५३ मिनिटांचे ठरते. प्रत्यक्षात लहान धावपट्ट्यांवर बरेचदा एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या पंख्यांवर चालणारी विमाने येतात, ज्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे नुसते अंतर कापायलाच साडेबावीसऐवजी ३६ मिनिटे लागतात. त्यात समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर ती ४० होतात, तर तेवढ्याच वाऱ्यात जेटचे जेमतेम दीड मिनिट वाढते. वारा मंद विमानाला जास्त अडवतो, आणि ही साधी गोष्ट या सेवांच्या हिशेबात कुठेच येत नाही.

शिवाय विमान कंपनीच्या वेळापत्रकातला कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. वाऱ्याच्या दिशेमुळे उलट्या बाजूने उड्डाण करावे लागले, तर वळून मार्गावर येण्यातही मिनिटे जातात, आणि लहान पल्ल्यावर ती चांगलीच जाणवतात. त्यामुळे पुढची गाडी किंवा जोडविमान ठरवताना वेळापत्रकच पाहावे. वेळेच्या आकड्याखाली गृहीत धरलेला वेग छापणाऱ्या सेवा मला अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण आपल्या विमानाच्या वेगाने भागून वाचकाला उत्तर स्वतः दुरुस्त करता येते.

सर्वांत गंभीर उणीव वेगळीच आहे. दोन लहान विमानतळांमध्ये थेट सेवा नसणे ही नेहमीची बाब आहे. प्रवाशाला मोठ्या विमानतळावर उतरून, तिथे थांबून दुसरे विमान घ्यावे लागते, आणि तासाभराचा दिसणारा प्रवास अर्धा दिवस खातो. तरीही कित्येक पानांवर ते ५३ मिनिटांचे उत्तर कोणत्याही खुलाशाशिवाय ठळक अक्षरांत झळकते. हा आकडा केवळ गणिती अंदाज असून या मार्गावर थेट विमान असेलच असे नाही, एवढे एक वाक्य त्याच्या शेजारी छापणे या सेवांना सहज शक्य आहे आणि त्यांनी ते छापलेच पाहिजे.