बोट रात्रभर चालणार होती: दोरू क्रूझच्या नावाखाली झालेली फसवणूक

पोर्तुगालमधल्या दोरू नदीवर मुक्कामाच्या पर्यटन बोटी रात्री चालत नाहीत. अंधार पडला की त्या धक्क्याला लागतात आणि सकाळी पुढे निघतात. आमच्या एजंटाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच दिवशी छापलं होतं: ‘रात्रीचं जेवण बोटीवर, रात्रभर प्रवास, सकाळी रेग्वा.’ त्या एका ओळीने तो उघडा पडला. तोवर आमचे २ लाख ८० हजार रुपये त्याच्याकडे गेले होते.

त्याचं पोस्टर अजूनही फोंडा, म्हापसा, डिचोलीकडच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांकडे आहे. पद्धत कळली तर नाव नसलं तरी माणूस ओळखू येईल.

आम्ही फोंड्याचे. पणजीला मांडवीत फिरवणारी तासाभराची संध्याकाळची बोट पाहुण्यांना घेऊन कितीदा केली असेल. ‘आता फक्त कपल्स स्टेजवर’ हे ऐकून ऐकून कान किटले. नदीवरून शांतपणे, खिडकीत बसून, गावं बघत जायचं, अशी ह्यांची फार दिवसांची हौस. सासरे पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले. त्यांच्या तोंडी पोर्तो, कोइंब्रा ही नावं शेजारच्या गावांसारखी असायची. त्यामुळे ‘दोरू रिव्हर क्रूझ, ८ दिवस, नोव्हेंबर अखेर, दोघांचे ४ लाख २० हजार विमानासकट’ हे पोस्टर आलं तेव्हा घरात फारशी चर्चा झालीच नाही. चतुर्थी, दिवाळी, तुळशीचं लग्न सगळं आटोपून निघायचं, तारखाही सोयीच्या.

दर संशय यावा इतका कमी नव्हता. दोरूचा हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर चालतो आणि शेवटाला भाडी उतरतात, हे खरंच आहे. निम्मी गोष्ट खरी असली की उरलेली निम्मी तपासायला कोणी बसत नाही, आणि असल्या लोकांचा धंदा त्याच्यावरच चालतो. पणजीत भाड्याची एक काचेची केबिन, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर छोटा पोर्तुगीज झेंडा. मुलगा तिशीतला, अदबीने बोलणारा. ‘काकी, काका, तुम्ही फक्त बॅग भरा, बाकी सगळं माझ्यावर सोडा.’ शेवटच्या दोनच केबिन उरल्यात, हेही अर्थातच त्याच बैठकीत.

पहिला हप्ता दिला आणि आम्ही तयारीला लागलो. इथेही एक गंमत आहे, जी तेव्हा गंमत वाटली नाही. त्याने सामानाची छापील यादी दिली: पोहण्याचे कपडे, उन्हाची टोपी, समुद्र लागू नये म्हणून गोळ्या, आणि ‘क्रूझ थर्मल किट’, जे त्याच्याकडूनच ९,५०० रुपयांना घ्यायचं. छत्रीचा उल्लेख नाही! पोर्तोत नोव्हेंबर हा भर पावसाचा महिना. दिवसा १६-१७ अंश, रात्री ९-१० पर्यंत उतरतं, आणि द्राक्षमळ्यांच्या दरीत सकाळी धुकं असतं. तिथे लागतं ते पावसात न घसरणारं पायताण, वाऱ्यापावसाचं जाकीट आणि एकावर एक घालता येतील असे साधे कपडे. नदीत बोट हलते ती नावाला, त्यामुळे गोळ्यांचं काही काम नाही. ती यादी त्याने कुठल्यातरी समुद्रावरच्या क्रूझची उचलली होती. किट उघडलं तर आत पातळ मोजे आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेले दिसतात तसले बनियन.

शेजारणीचा मुलगा पोर्तोजवळ एका गोदामात नोकरीला आहे. व्हेजचं काय करायचं हे विचारायला म्हणून मी त्याला कार्यक्रमपत्रिका पाठवली. त्याचा लगेच फोन आला. ‘आंटी, हांगा रातचीं बोटी चलनात. हें कोणें बरयलां?’ (इथे रात्री बोटी चालत नाहीत, हे कोणी लिहिलंय?) मग तो एकेक ओळ वाचत गेला आणि मी कागद-पेन घेऊन बसले.

समुद्रापासून स्पेनच्या हद्दीपर्यंत दोरूवर पाच धरणं आहेत आणि प्रत्येकाला बोटी वरखाली करायचं लॉक आहे. खाडीकाठच्या खाजन शेतांच्या मानशीत जसं दार लावून पाणी अडवतात, तसंच हे, फक्त दारं अवाढव्य आणि आत उभी बोट पाण्याबरोबर वर चढते. त्यातलं कारापातेलूचं लॉक बोटीला एकदम सुमारे ३५ मीटर उचलतं. ही लॉकं अरुंद आणि आखूड, म्हणून दोरूवरच्या मोठ्यात मोठ्या बोटी ८० मीटरच्या आसपास असतात. आमच्या माहितीपत्रकातली बोट १३५ मीटरची होती. अशा बोटी डॅन्यूबवर, ऱ्हाईनवर चालतात. दोरूच्या लॉकमध्ये ती शिरणारच नाही.

पाचव्या दिवशी ‘सलामांका बंदरात आगमन’. सलामांका दोरूवर नाहीच. ते तोर्मेस या उपनदीकाठी, स्पेनमध्ये. क्रूझवाले प्रवाशांना सरहद्दीजवळच्या धक्क्यावरून बसने नेऊन आणतात. सहाव्या दिवशी ‘द्राक्षं पायाने तुडवण्याचा पारंपरिक सोहळा’. द्राक्षांची तोडणी सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरात संपते. नोव्हेंबरअखेर वेलींवर पानंसुद्धा धड नसतात. त्या महिन्यात तिथे असतात भाजलेली चेस्टनट, ११ तारखेच्या सेंट मार्टिनच्या सणाची. आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘हवामान गॅरंटी, कार्यक्रमात बदल नाही’. शरदाच्या शेवटी वरच्या भागात मोठा पाऊस झाला की दोरूचं पाणी चढतं, लॉकं बंद ठेवावी लागतात आणि प्रवाशांना बसने फिरवतात. खऱ्या कंपनीच्या अटींत हे आधीच लिहिलेलं असतं. जो गॅरंटी देतो त्याच्या हातात बोट नसते, हे मला आता पक्कं कळलंय.

माहितीपत्रकावरच्या बोटीचं नाव घालून मी त्या परदेशी कंपनीला ईमेल केली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: या तारखेला या नावाची कोणतीही केबिन नोंदलेली नाही, आणि ही बोट दोरूवर नसते.

मग बाकीचे कागद बाहेर काढले. पावतीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि जीएसटी क्रमांक. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणताही क्रमांक तपासता येतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७. ऑफिस पणजीत आणि क्रमांक २७चा, तोही रद्द झालेला. तिसऱ्या अक्षरापासून पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीसाठी सी असतं, एका व्यक्तीसाठी पी. इथे पी होता. म्हणजे कंपनी वगैरे काही नाही, एक माणूस आणि एक रबरी शिक्का. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव तर तिसरंच, आणि ते यूपीआय करताना पडद्यावर दिसलंही होतं. ‘ते आमचं अकाउंट्स डिपार्टमेंट, काका’ असं त्याने सांगितलं होतं.

विमानाची तिकिटं म्हणून दिलेल्या कागदावर सहा अक्षरांचा पीएनआर होता, आणि विमान कंपनीच्या साइटवर तो सुरुवातीला दिसतही होता, मोपाहून निघणारं विमान आणि आमची नावं सगळं बरोबर. पण पीएनआर पैसे न भरता काही काळ राखून ठेवता येतो. तिकीट निघालं की १३ आकड्यांचा तिकीट क्रमांक येतो. तो कागदावर कुठेच नव्हता, आणि काही दिवसांनी पीएनआरही गायब झाला.

परदेशी सहलीवर विक्रेत्याला टीसीएस म्हणजे उगमापाशी कर गोळा करावा लागतो. आमच्या वेळी ५ टक्के होता. दर बदलतात, ते बघून घ्यावं. हा कर त्याने रोख घेतला: ‘रिटर्न भरताना परत मिळतो, काका.’ मिळतो, हे खरं, पण विक्रेत्याने तो आपल्या पॅनवर भरला असेल तर. त्याने तिमाही विवरणपत्र भरलं की रक्कम आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कराच्या उताऱ्यात, दिसायला हवी. हे निवृत्त बँकवाले असल्याने त्यांनी ते उघडून बघितलं. रक्कम शून्य.

पण त्याचा खरा डाव आम्हाला दुसऱ्याच एका जोडप्याकडून कळला. डिचोलीचे, आमच्यासारखेच निवृत्त, त्यांची सहल आमच्या आधीची. त्यांना त्याने ‘एम्बसीचं पत्र’ दिलं: व्हिसा नाकारला. व्हिसा नाकारला म्हणजे दोष पर्यटकाचा, आणि अटींत लिहिलेलं, व्हिसा नाकारल्यास रक्कम परत नाही. बिचारे दोघं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गप्प बसलेले. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं, बोटांचे ठसे कुठे दिलेत? तर म्हणे, दिलेच नाहीत, ‘माझं आत सेटिंग आहे’ असं तो म्हणाला होता.

पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या मोठ्या माणसाला ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं. त्यात सेटिंग नाही. अर्ज सहलीच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. नकार आलाच तर ठरावीक नमुन्याच्या फॉर्मवर येतो: कारणांची क्रमांकवार यादी, लागू असेल त्यापुढे खूण, आणि दाद कुठे मागायची ते. त्यांच्याकडचं पत्र म्हणजे एका परिच्छेदाचा मजकूर, वर पोर्तुगालचं बोधचिन्ह, खाली फराटा. अर्ज गेलाच नव्हता, तर नाकारणार कोण? त्यांचे पासपोर्ट मात्र सगळा वेळ त्याच्या ड्रॉवरमध्ये होते. पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीतच आहे, पण त्या पत्राचा धक्काच असा, की तिथे जाऊन विचारावं हे कोणाच्या मनात आलं नाही.

आमच्यासाठीही हेच पत्र तयार असणार. ‘दुसरा हप्ता भरला की फाइल पुढे सरकेल’ हे तो सारखं का म्हणत होता (आणि आम्ही तो भरलाही होता), ते मग उमगलं.

आम्ही त्याला काही न बोलता आधी पासपोर्ट परत आणले, भाचीच्या लग्नासाठी बँकेत दाखवायचे आहेत असं सांगून. ही थाप मला अजिबात डाचत नाही. पैसे मागितल्यावर अदब संपली. ‘आत्ता कॅन्सल केलं तर ७५ टक्के कटिंग.’ मग फोन उचलणं बंद, मग केबिनला कुलूप. शेजारच्या केबिनवाल्याने सांगितलं, भाडं महिन्याच्या बोलीवर होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या हप्त्याची काही रक्कम त्या खात्यातच होती, ती गोठवली गेली. पहिल्या हप्त्याचे पैसे कधीच पुढे गेले होते. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, त्यातलं शहाणपण असं कळलं. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली आहे, पूर्वी ज्याला आपण ४२० म्हणायचो. ग्राहक आयोगातही अर्ज दिलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. ठाण्यातल्या हवालदारांनी एक विचारलं, ते इथे सांगते: ‘पर्यटन खात्याची नोंदणी बघितली होती?’ गोव्यात ट्रॅव्हल एजंटाला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र मागायचा आपल्याला हक्क आहे. त्याच्या भिंतीवर होता नुसता जगाचा नकाशा.

ह्यांची हौस गेलेली नाही. शेजारणीच्या मुलाने पोर्तोहून खऱ्या कंपन्यांचे दर पाठवलेत. मी त्यातल्या अटींचं पान आधी वाचते, फोटो नंतर.

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर नवीन पोस्टर आलं, दुसऱ्या नावाने. या वेळी ‘ऱ्हाईन ख्रिसमस मार्केट क्रूझ’. फोटो त्याच १३५ मीटरच्या बोटीचा. ती त्या नदीत मावते, तेवढी सुधारणा झालीय. खाली दिलेला यूपीआय क्रमांक मात्र जुनाच, आम्ही तो पोलिसांना कळवलाय. तुमच्याकडे ते पोस्टर आलं असेल तर पुढे पाठवू नका. त्यावरचा क्रमांक १९३० ला द्या, आणि कोणी पैसे भरले असतील तर त्यांना आधी पासपोर्ट परत घ्यायला सांगा.