शाईचं वय काढायचंय? आधी कागदावरची तारीख बघा, मग टेस्ट निवडा

मामाच्या लालबागच्या खोलीचा वाद चालूय, समोरच्यांनी 2009 ची बॉलपेनने लिहिलेली पावती काढली आणि आम्हाला ती परवा-परवा बनवल्यासारखी वाटतेय. तर कुठली टेस्ट मागायची यावर बरंच डोकं खाल्लं, ते इथे टाकतो.

सगळे ज्याला 'शाईचं वय' म्हणतात ती सॉल्व्हंट टेस्ट. बॉलपेनच्या शाईत बहुतेक वेळा फिनॉक्सीइथेनॉल हे सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारं द्रव, असतं, ते लिहिल्यापासून उडत जातं, आधी भराभर मग अगदी हळू, आणि किती उरलंय ते जीसी-एमएस या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. पण साधारण दोन वर्षांनंतर मोजण्यासारखा फरकच राहत नाही. म्हणजे 2009 की 2014 हे ती सांगणार नाही, फक्त 'हे ताजं आहे' एवढं सांगू शकेल. आणि आपल्याकडे तारखांवर तारखा, तोवर पुरावाच उडून जातो! त्यात कागद प्लास्टिकच्या फाइलीत होता की उन्हात यानेही फरक पडतो, आणि अक्षरांतून टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे कापावे लागतात, म्हणून कोर्टाची परवानगी आधी.

दुसरी, शाईचा फॉर्म्युला ओळखायची. टीएलसीत, म्हणजे शाई विरघळवून खास पट्टीवर चढवायच्या चाचणीत, रंगांचे ठिपके वेगळे होतात, ते नमुन्यांच्या संग्रहाशी ताडतात, अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसकडे असा मोठा संग्रह आहे. ती शाई बाजारात नंतर आली असेल तर खेळ खल्लास, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही. जुन्या कागदाला मात्र हीच बरी.

माझं मत, दोन्हीच्या आधी फुकटातलं बघा. ₹ चिन्ह 2010 मध्ये आलं, 2009 च्या पावतीवर ते असतं तर विषयच संपला असता, आमच्यावर नेमकं 'रु.' लिहिलंय 😄 मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर खाली '2016' दाबल्याचे वळ दिसले, उड्याच मारल्या, मग कळलं की 2016 ला कोणी वर कागद ठेवून लिहिलं असेल तरी असेच वळ येतात. शाई वळांच्या आधीची की नंतरची ते एक्स्पर्टने बघायला हवं.

चेक बाउन्सच्या केसवाल्यांनो, सही तुमचीच असेल तर रकमेची शाई वेगळी निघून फारसं भागत नाही, सुप्रीम कोर्टाचा 2019 चा बीर सिंग निकाल वाचा.

आमची पावती ताजी असल्याचा संशय आहे, म्हणून आम्ही सॉल्व्हंट टेस्टच मागतोय, तीही लगेच, आणि सोबत अर्ज की तोवर ओरिजिनल पावती कोणी लॅमिनेट करू नये.