जुन्या मोटरहोममध्ये गॅसऐवजी करंटवर गरम पाणी, एलिमेंट किट दीड वर्ष वापरल्यानंतर

आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो आणि आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सगळी सोय असलेली गाडी, १९९६ ची आहे, फोर्डच्या चॅसीवरची. तिच्यात सबर्बन कंपनीचा ६ गॅलनचा वॉटर हीटर आहे, फक्त प्रोपेन गॅसवर चालणारा. ज्यांच्याकडे गाडीमागे ओढायचा ट्रेलर आहे त्यांना यात काय एवढं असं वाटेल, कारण ते सिलिंडर काढतात, भरून आणतात, झालं. मोटरहोमची गॅसची टाकी गाडीच्या सांगाड्यालाच बोल्ट केलेली असते हो. गॅस संपला की पाण्याचा पाइप काढा, करंटची वायर काढा, आतली भांडीकुंडी नीट लावा आणि अख्खं घर चालवत गॅस भरायला न्या. इंक्स लेक स्टेट पार्कला आठवडाभर होतो तेव्हा ऐन जानेवारीत हे करावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण गाडी लावायच्या जागेच्या भाड्यातच करंट मिळत होता आणि आम्ही पाण्यासाठी गॅस जाळत बसलो होतो.

म्हणून त्याच हीटरला करंटवर तापणारा एलिमेंट जोडायचं हे किट घेतलं. हीटरच्या टाकीला खाली पाणी सोडायचं भोक असतं, तिथला प्लग काढून त्या जागी हा एलिमेंट फिरवून बसवायचा, सोबतचा थर्मोस्टॅट टाकीला चिकटवायचा आणि वायर आत घेऊन साध्या प्लगमध्ये लावायची. गॅसची सिस्टिम आहे तशीच राहते. मी स्वतः बसवला, नवऱ्याने टॉर्च धरला, दोन तास गेले. त्यातला अर्धा वेळ जुना प्लग सैल करण्यात, त्याला १ पूर्णांक १/१६ इंचाचा सॉकेट लागतो, तो आधीच आणून ठेवा. हीटर बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्या, वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हने प्रेशर काढा आणि मगच प्लगला हात लावा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येईल.

आता स्पीड. आपल्याकडे बादलीत टाकायचा रॉड असतो ना, त्याच जातीचा हा एलिमेंट, पण तो रॉड १५०० वॅटचा असतो आणि हा साधारण ४००. ६ गॅलन म्हणजे जेमतेम २३ लिटर, ते १५ डिग्रीवरून ५० वर न्यायला एक युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे अडीच-तीन तास धरून चला. गॅसवर तेच वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पहिल्या दिवशी मी तासाभराने नळ सोडला, पाणी कोमट, मला वाटलं पैसे गेले. पण कमी वॅटचाच फायदा पुढे कळला. जुन्या गाडीला ३० अँपिअरचं कनेक्शन, थंडीत छोटा रूम हीटर लावला की त्यातले १२ जातात, नव्या गाड्यांमधला कंपनीचा एलिमेंट १४४० वॅटचा असतो, तो अजून १२ खातो, मग चहाची इलेक्ट्रिक केटल लावली की ब्रेकर पडलाच. हा साडेतीन अँपिअर घेतो फक्त.

मागच्या दिवाळीला सासूबाई सांगलीहून आल्या होत्या आणि नरकचतुर्दशीला आम्ही नेमके कॅम्पग्राउंडवर होतो. रात्री झोपताना प्लग लावला, पहाटे पाचला टाकी कडक गरम. गॅसचा बर्नर पेटला की बाहेर घरघर आवाज येतो, त्या वेळी शेजारच्यांची झोप मोडली असती, याचा आवाजच नाही. थंड पाणी मिसळून तिघांची आंघोळ झाली, उटणं लावून, बादली आणि तांब्याने. चौथ्याला मात्र गॅस चालू करावा लागला. दोन्ही एकदम चालतात, काही अडचण येत नाही.

आता जे मला खटकलं ते. सबर्बनची टाकी लोखंडी असते, आतून कोटिंग असलं तरी गंजाने टाकीऐवजी दुसरंच काही खावं म्हणून पाणी सोडायच्या त्याच भोकात, प्लगलाच जोडलेला, ॲनोड नावाचा धातूचा रॉड असतो. किट बसवताना तोच काढावा लागतो, आणि माझ्या किटच्या कागदावर याबद्दल एक शब्द नव्हता, जे लिहायलाच हवं होतं. मी आता प्रत्येक ट्रिपनंतर टाकी रिकामी करते. ॲटवूड कंपनीची टाकी असेल तर ती ॲल्युमिनियमची, तिला ॲनोड नसतो, तुम्हाला ही काळजी नाही, पण भोकाचा साइज वेगळा, त्यामुळे मॉडेल बघून ऑर्डर करा. शिवाय आमच्याकडचं पाणी चुनखडीतलं, जड, सहा महिन्यांत एलिमेंटवर पांढरा थर बसला होता, व्हिनेगरमध्ये ठेवून काढला.

जंगलात बॅटरीवर राहणाऱ्यांनी हे घेऊ नये, एकदा टाकी तापवली की १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी जवळजवळ संपते. बारीक एक्स्टेन्शन वायर तर अजिबात नको, आणि जुन्या गाडीतलं सॉकेट आधी तपासून घ्या, तासाभराने हात लावून बघा गरम होतंय का.

एक मात्र कधीही विसरू नका. हिवाळ्यात गाडीतलं पाणी काढताना हीटर बायपास केलेला असतो, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी टाकीत न जाता बाजूने जाईल असं केलेलं असतं, तो व्हॉल्व्ह परत फिरवायचा राहिला तर नळाला पाणी येतं पण टाकी कोरडी असते, आणि कोरडा एलिमेंट लगेच जळतो. आधी गरम पाण्याचा नळ बंद करून सेफ्टी व्हॉल्व्ह उचलायचा, त्यातून पाणी आलं तरच प्लग लावायचा. आमच्या प्लगवर मी लाल चिकटपट्टी लावून 'आधी पाणी बघ' असं लिहून ठेवलंय.