तारकर्लीची खोली आणि नकाशावरचा तो नंबर

नाताळच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

आईला बरेच दिवस बहिणीला आणि नणंदेला भेटायचं होतं. म्हणून पुण्याहून आधी दापोलीला मावशीकडे, मग दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी घेत किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे आणि शेवटी मालवणला आत्याकडे, असा बेत होता. आत्याचं घर लहान, आम्ही सहा जण. तिची ओढाताण नको म्हणून तारकर्लीत दोन खोल्या घ्यायचं ठरवलं. दाभोळच्या जेटीवर गाडी रांगेत होती, तेवढ्या वेळात मोबाईलच्या नकाशावर एक घरगुती निवास सापडला. फोटो खरे, अभिप्राय चांगले. तिथल्याच नंबरवर फोन केला.

माणूस अदबीने बोलला. सगळ्यांची आधारकार्डं मागवली, चार हजार आगाऊ घेतले. पाच मिनिटांत पुन्हा फोन: "साहेब, रक्कम आली, पण बुकिंगला लागली नाही. परत तेवढेच पाठवा, आधीचे आपोआप परत येतील." मी पाठवले. मग म्हणाला, आठही हजार परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला, पिन टाकला आणि आणखी आठ हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं. पण बोट लागली होती, मागची गाडी हॉर्न देत होती आणि तो फोनवर "लवकर करा" म्हणत होता. त्यानंतर फोन बंद.

तरीही मनात आशा होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तारकर्लीला गेलोच. निवास खरोखर तिथे होता. फाटकावरच्या पाटीवर मात्र वेगळाच नंबर. मालकांनी आधी आईला पाणी दिलं, मग सांगितलं की नकाशावरचा त्यांचा नंबर कुणीतरी बदललाय. अशी दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं, हे मला तेव्हा कळलं. आत्या त्या घराला चांगली ओळखत होती. "मला एक फोन करायचास रे," एवढंच म्हणाली. रात्री तिच्याच पडवीत अंथरुणं घातली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर मी तिथूनच तक्रार केली, म्हणजे पैसे गेल्यावर जवळपास एक दिवसाने. तोवर बहुतेक रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती; चार हजार तेवढे गोठवले गेले. जेटीवरूनच फोन केला असता तर कदाचित जास्त वाचले असते. तुमच्यावर वेळ आली तर त्याच मिनिटाला १९३० लावा, नंतर बँकेला कळवा. खोलीसाठी नंबर घेताना त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारा आणि आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या.

आमची सहाही कार्डं त्या माणसाकडे आहेत. सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलंय, तरी आईच्या फोनवर अनोळखी नंबर दिसला की अजून धस्स होतं.